भरपगारी रजा

संत्री रस्ताभर घरंगळली तेव्हा मेधा आगाशे बसस्टॉपवर उभी राहून आपल्या भिजलेल्या चपलांकडे बघत चरफडत होती. २०१८ सालचा फेब्रुवारी. चिनी नववर्ष चार दिवसांवर आलेलं. परदेशातल्या या बेटावर, चोआ चू कांग भागात ज्याच्या त्याच्या हातात सणाला भेट द्यायच्या संत्र्यांची लाल पिशवी, आणि वरून भुरभुर पाऊस. तेवढ्यात मागून एक विजेची स्कूटर आली. ती उभ्यानं चालवायची, बिनआवाजाची. पादचाऱ्यांच्या रस्त्यावरून ती इतक्या जोरात आली की पुढे चाललेल्या म्हाताऱ्या अंकलना बाजूला व्हायची उसंतच मिळाली नाही.

अंकल पडले. पिशवी फाटली. मेधा धावली आणि तशीच ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. अंकलच्या डोक्यातून रक्त येत होतं.

"आई गं... किती येतंय हे," ती पुटपुटली.

"घाबरू नका. हे घ्या, इथं दाबून धरा. जोरात."

कुणीतरी तिच्या हातात टॉवेल दिला. तिनं दाबून धरला. दुसऱ्या हातानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं, की मघाशी जे कुणी बोललं ते चक्क मराठीत बोललं. तिनं मान वर केली. ओले केस, गळ्यात शिट्टी, खांद्यावर पोहण्याच्या सामानाची जाळीची पिशवी. तो स्कूटरवाल्याला हाताला धरून थांबवून ठेवत होता, अगदी शांतपणे, शाळेतल्या पोराला थांबवावं तसा.

ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले, दोघांचे जबाब झाले. त्यानं आपलं नाव प्रबोध रामटेके सांगितलेलं तिनं ऐकलं. ती त्याला काही म्हणणार तोच त्याची बस आली आणि तो चढलासुद्धा. मेधा त्या रस्त्यावर लाल हातांनी उभी.

पुढे तिला त्याची आठवण यायची. फार नाही हो, आठवड्यातून तीन-चार वेळा. बस.

सप्टेंबरात कोर्टाचं पत्र आलं. स्कूटरवाल्यानं गुन्हा नाकबूल केला होता. म्हातारा स्वतःच आडवा आला, असं त्याचं म्हणणं. अंकल वाचले होते, पण आता काठीशिवाय त्यांना चालता येत नव्हतं. खटला तीन दिवसांचा, मंगळवार ते गुरुवार, आणि मेधानं साक्षीदार म्हणून हजर राहायचं होतं.

आता दुसरी एखादी म्हणाली असती, चला, तीन दिवस कामाला दांडी. पण मेधाचं काम तासांच्या बोलीवर होतं. नोव्हेना भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ती काउंटरवर बसायची. आलात तर पैसे, नाही आलात तर नाही. दोन वर्षं असंच चाललं होतं. ताप आला, पैसे कापले. दिवाळीला घरी राहिली, पैसे कापले. बाबांच्या कंपनीनं त्यांना मागच्या वर्षी नारळ दिल्यापासून घरात येणारा प्रत्येक डॉलर कामाचा होता. आणि नेमकं याच आठवड्यात क्लिनिकमध्ये एक कायमची जागा निघाली होती. महिन्याचा पगार, औषधपाणी, रजा, सगळं. तासावर काम करणाऱ्या तिघी, जागा एक. खटल्याच्याच गुरुवारी सकाळी नऊला मोठे डॉक्टर तिघींशी बोलणार आणि ठरवणार.

"कोर्ट?" मिसेस गो म्हणाल्या. क्लिनिकचा सगळा कारभार त्यांच्या हातात, आणि वाक्याला इथल्या रीतीनं 'लाह'चं शेपूट. "मग नो वर्क, नो पे, लाह. मी काही करू शकत नाही. मंगळवार-बुधवार मी कुणालातरी बसवीन. पण गुरुवारी यायचं हां. तू नसलीस तर डॉक्टर उरलेल्या दोघींतूनच एकीला घेतील. मला मग बोल लावायचा नाही."

घरी बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "अमेरिकेत ज्युरीवर बसवलेल्यांचे असेच हाल होतात म्हणे, तासावर काम करणाऱ्यांचे. इथली ज्युरी पन्नास वर्षांपूर्वीच बंद झाली. पण साक्षीदार कुठे बंद झालेत?"

"पत्र आलंच नाही असं सांगितलं तर?" मेधा म्हणाली. म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. हाताखाली गरम-गरम लागलेलं ते रक्त तिला आठवलं.

आईनं थालीपिठाची भाजणी मळायला घेतली. कोर्टात काय मिळणार खायला, हा तिच्या मते मुख्य प्रश्न होता.

*

मंगळवारी सकाळी मेधा कोर्टाच्या सहाव्या मजल्यावर पोचली आणि साक्षीदारांच्या बाकावर तो बसलेला दिसला. केस आज कोरडे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यानं तिला पाहिलं, उभा राहिला, आणि नको तितका वेळ उभाच राहिला.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"तुम्ही पण..." ती म्हणाली.

तपास करणारा पोलीस अधिकारी शेजारीच होता, त्यानं आयता विषय पुरवला. "तुम्ही दोघांनी केसबद्दल आपसांत एक अक्षर बोलायचं नाही. बाकी काहीही बोला. केस, नो."

मेधा नियम पाळणाऱ्यांतली. सिग्नल हिरवा झाल्यावरसुद्धा एकदा इकडे-तिकडे बघणारी. ती बाकाच्या या टोकाला बसली, तो त्या टोकाला.

"मग हवापाण्याबद्दल बोलू," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"नको. त्या दिवशी पाऊस होता."

"हो की. बरं, खाण्यापिण्याबद्दल? फळंबिळं?"

"फळं तर मुळीच नकोत."

तो हसला. गालातल्या गालात नाही, चांगला मोकळा. मेधानं हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं.

"तुम्ही मूळचे कुठले?" तिनं विचारलं. एवढं विचारायला काय हरकत आहे.

"ते सांगितलं तर पुन्हा फळांचाच विषय निघेल."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "नागपूर?"

"मी काहीच बोललो नाही. नोंद करून ठेवा."

दुपारपर्यंत तिला त्याच्याबद्दल बरंच कळलं. आई शास्त्रज्ञ. तिच्या नोकरीमुळे तो बाराव्या वर्षी नागपूरहून इथं आला. शाळा इथं, दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवाही इथंच. राहायला पुंगोलला. लहान मुलांना पोहायला शिकवतो, वेगवेगळ्या शाळांत, तासिकेवर. वीज चमकली की भोंगा वाजतो, मुलांना पाण्याबाहेर काढायचं, आणि तासिका गेली.

"म्हणजे ढगांनी ठरवायचं तुम्हाला पगार द्यायचा की नाही?" मेधा म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

"मला मिसेस गो."

"मग माझे ढग बरे. निदान दोन तासांनी निघून जातात."

एक वाजला तरी आत अंकलच्या डॉक्टरांचीच साक्ष चालली होती. मेधानं डबा काढला. आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यावरून घडलं. शेजारी माणूस बसलेला असताना आपल्याकडे डबा उघडून एकट्यानं खाता येत नाही. घशाखाली उतरतच नाही. तिनं झाकणात दोन थालीपिठं काढली, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि झाकण त्याच्याकडे सरकवलं.

"अहो, राहू द्या... मी ब्रेड आणलाय."

"ब्रेड उद्याही ब्रेडच राहील. घ्या."

तो सरकला. तीही सरकली. चटणी संपली तेव्हा दोघंही बाकाच्या मधोमध बसलेले होते. स्कूटरवाल्याचे वकील जेवायला निघाले होते. ते दोघांकडे पाहत गेले आणि लिफ्टपाशी जाऊन पुन्हा एकदा वळून पाहिलं. मेधाला वाटलं, थालीपिठाचा वास लागला असेल.

संध्याकाळी सरकारी वकीलबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या. उद्या आधी मिस्टर रामटेके, त्यांच्यानंतर मिस आगाशे. उलटतपासणी लांबली तर मिस आगाशेंना गुरुवारीही यावं लागेल.

बाई गेल्यावर मेधा बाकावर मटकन बसली.

"काय झालं?" प्रबोधनं विचारलं.

"काही नाही."

"हे केसबद्दल आहे?"

"नाही."

"मग बोलता येतं."

मग तिनं सांगितलं. गुरुवारचे नऊ, मोठे डॉक्टर, तिघी, एक जागा. दोन वर्षं. बोलता बोलता तिला स्वतःचाच राग आला. परक्या माणसापुढे हे काय. पण तो मध्ये एकदाही बोलला नाही. समजूत घालायचा प्रयत्नही त्यानं केला नाही. तेच तिला फार बरं वाटलं.

"तुमचं गुरुवारी काय?" शेवटी तिनं विचारलं.

"माझं काय. पाऊस आला तर तशीही सुट्टीच," तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

*

बुधवारी दहाला शिपायानं दार उघडून हाक मारली ती मेधा आगाशे अशी.

"माझा नंबर दुसरा आहे ना?" ती प्रबोधला म्हणाली.

प्रबोध छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

साक्ष चांगली झाली. काय पाहिलं ते तिनं सांगितलं, जसं पाहिलं तसं. अंकल सरळ चालले होते, स्कूटर मागून आली, वेगात होती. न्यायाधीशबाई चष्मा नाकावर ओढून लिहीत होत्या. मग ते वकील उठले.

"मिस आगाशे, काल दुपारी तुम्ही आणि मिस्टर रामटेके एकाच डब्यातून जेवत होता. बरोबर?"

"हो."

"तुमची आधीची ओळख?"

"नाही."

"अनोळखी माणसाबरोबर एका डब्यात जेवता?"

"शेजारी बसलेल्याला दिल्याशिवाय आम्ही खात नाही," मेधा म्हणाली. "तुम्ही बसला असतात तर तुम्हालाही दिलं असतं."

न्यायाधीशबाईंचं पेन थांबलं. वकिलांनी घसा खाकरला.

"तुमच्या भाषेत तासन्‌तास बोलत होता. कशाबद्दल?"

"नागपूर. पोहणं. मिसेस गो." मिसेस गो कोण ते मग तिला सांगावं लागलं.

"बरं. आज आधी साक्ष मिस्टर रामटेके यांची होती. आज सकाळी त्यांनी सरकारी वकिलांना विनंती केली, की तुमचा नंबर आधी लावावा, म्हणजे तुम्हाला उद्या कामावर जाता येईल. त्यांची साक्ष उद्यावर गेली. त्यांच्या उद्या एका शाळेत पाच तासिका आहेत. त्या बुडतील, हेही त्यांनी सांगितलं. परक्या बाईसाठी कुणी असं करतं?"

नाडी बांधायला वाकलेला तो माणूस मेधाच्या डोळ्यांपुढे आला. छातीत काहीतरी हललं आणि जागेवर यायलाच तयार होईना.

"मला... हे माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं. ते तुमचे कोण आहेत?"

सरकारी वकीलबाई हरकत घ्यायला अर्ध्या उठल्या. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला उत्तर द्यायचं असेल तर देऊ दे."

खोटं बोलणार नाही असं ती अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांसमोर म्हणाली होती. खरं काय ते तर तिला या घडीला कळत होतं, आणि ते ऐकायला नको ती सगळी माणसं समोर बसली होती.

"कालपर्यंत कुणी नव्हते," ती म्हणाली. "आज... मला ते आवडतात. त्यांना हे माहीत नाही. पण मी जे पाहिलं ते सात महिन्यांपूर्वी पाहिलं, आणि त्याच दिवशी पोलिसांना लिहून दिलं. तेव्हा ते माझ्यासाठी टॉवेल घेऊन धावत आलेला एक माणूस होते. त्यात आज काय फरक पडणार?"

वकील खाली बसले. न्यायाधीशबाईंनी ते सगळं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. मेधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एखाद्या मुलीच्या मनातली गोष्ट सरकारी कागदावर जाते, हे तिच्याच नशिबी यायचं होतं.

"तुम्ही मोकळ्या आहात," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मात्र मिस्टर रामटेके यांची साक्ष पूर्ण होईपर्यंत इथं काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काहीही त्यांना सांगायचं नाही. समजलं?"

समजलं. चांगलंच समजलं.

बाहेर तो बाकावरच होता. हातात दोन कॉफ्या, एक तिच्यासाठी.

"कसं झालं?"

"सांगता येत नाही."

"बरं."

ती उभी राहिली. आभार मानायचे तर कशाबद्दल ते सांगावं लागणार, आणि ते तिला कुठून कळलं, हेही. ओठांपर्यंत आलेलं तिनं कॉफीबरोबर गिळलं. कॉफी कडू होती, साखर घालायला तो विसरला होता.

"उद्या नऊला पोचा," तो म्हणाला. "फोन नंबर देता? जागा मिळाली की कळवा. तेवढंच."

*

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, दोन दिवस कुठे होतीस. तिनं सांगितलं. पगार गेला का? गेला. मग गेलीस कशाला? "मी पाहिलं होतं म्हणून," ती म्हणाली, कारण दुसरं काही सुचलं नाही. दुपारी मिसेस गो काउंटरवर आल्या आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. "सही कर. डॉक्टर म्हणतात, ही पोरगी फार प्रामाणिक. मी म्हटलं, हो, आणि थोडी वेंधळी."

संध्याकाळी तिनं प्रबोधला कळवलं, 'मिळाली.' लगेच उत्तर आलं, 'मला माहीत होतं. माझी साक्ष अर्धीच झाली. पुढची तारीख तीन ऑक्टोबर. तोवर मी मुका.'

मुका कसला. रोज काहीतरी यायचं. आज भोंगा वाजला. आज एक मुलगा पाण्याला घाबरून माझ्या डोक्यावर बसला. आज आईनं वरणात मीठ दोनदा घातलं. ती उत्तरं द्यायची आणि हसायची. आई विचारायची, कोण गं? मेधा म्हणायची, साक्षीदार. आई त्यावर एक लांब 'हं' करायची.

मग एका शनिवारी त्यानं लिहिलं, 'उद्या पुंगोलला याल? पाण्याच्या कडेला चांगली कॉफी मिळते. मी बोलावतोय... म्हणजे खरंच बोलावतोय.'

मेधा ते वाचून पलंगावर उठून बसली. किती वेळ ती नुसती बघत होती. जावंसं वाटत होतं, इतकं की पायांना कळ लागावी. पण एका डब्यावरून वकिलांनी केवढं केलं होतं. आता पुंगोलला दोघं कॉफी पिताना कुणी पाहिलं, आणि हे कोर्टात निघालं, तर प्रबोधची उरलेली साक्ष काय किमतीची राहील? आणि अंकल? काठी टेकत कोर्टात आलेला तो माणूस? शिवाय समोर बसून ती गप्प राहू शकली असती का, हा प्रश्न होताच. नसती राहू शकली.

'आत्ता नको,' तिनं लिहिलं. का, ते लिहिता येत नव्हतं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

'बरं,' त्याचं उत्तर आलं. 'समजलं.'

काही समजलं नव्हतं त्याला. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मेधाचा फोन निपचित पडून राहिला. जेवताना ती घास घोळवायला लागली. आईनं एकदा विचारलं, साक्षीदार कुठे गेला? मेधानं ताटावरून उठून सरळ ओट्याकडे तोंड केलं आणि रडू आवरलं. तिला तो हवा होता. दुसरं काही नाही, तोच. आणि तो दूर चालला होता, एका अशा कारणानं जे तिला त्याला सांगायची बंदी होती.

एक ऑक्टोबरला ती मिसेस गोंच्या टेबलापाशी गेली.

"मला परवा रजा हवीय."

मिसेस गोंनी चष्म्यावरून पाहिलं. "कायम होऊन महिना नाही झाला. लगेच रजा? पुन्हा कोर्टानं बोलावलं?"

"नाही. या वेळी कुणी बोलावलेलं नाही. मी माझी जातेय."

मिसेस गोंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खणातून रजेचा फॉर्म काढला. "एक दिवस. भरपगारी," त्या म्हणाल्या. "आयुष्यातली पहिली ना? नीट वापर."

*

लोकांसाठीच्या बाकांवर मागच्या रांगेत अंकल बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. मेधाला ओळखून त्यांनी काठी बाजूला घेतली आणि शेजारची जागा थोपटली. त्यांच्या पुढे त्यांचा चांगला रुंद जावई होता. त्याच्या पाठीआड ती बसली.

प्रबोध साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. तोच पांढरा शर्ट. चेहरा उतरलेला. वकील आज जोरात होते.

"मिस्टर रामटेके, तुम्ही मिस आगाशेंसाठी तुमचा नंबर सोडलात. त्या दिवशी तुमच्या पाच तासिका बुडाल्या."

"हो. नंतर शाळेनं दुसरा कोच घेतला. म्हणजे पाचच नाहीत, पुढच्या सगळ्याच बुडाल्या."

मेधानं समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

"आणि त्या तुमच्या कुणी नाहीत?"

"नाहीत. मी कॉफीला बोलावलं होतं. त्या नको म्हणाल्या."

कुणीतरी हसलं. प्रबोध हसला नाही.

"मग असं का केलंत?"

प्रबोध बोलला तेव्हा वकिलांकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"त्या दिवशी स्टॉपवर वीसेक माणसं होती, सर. ती एकटी गुडघ्यांवर बसली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं हात काढला नाही. मग पगार कापून इथं आली, दोन दिवस, कुरकुर न करता. तिला जे मिळायला हवं होतं ते आम्हा सगळ्यांच्या तारखांमुळे जाणार होतं. मला वाटलं, एक दिवस तरी हिचा पगार वाचावा. माझं काय, मला ढगांची सवय आहे."

"म्हणजे तुमचं तिच्यावर प्रेम आहे."

"हो," प्रबोध म्हणाला. अगदी साधेपणानं.

"मग तिच्यासाठी तुम्ही खोटंही बोलाल?"

"नाही सर. तसं केलं तर ती माझ्याशी कधीच बोलणार नाही. आत्ताही बोलत नाहीये, पण तेव्हा कायमची बोलणार नाही."

त्याच वेळी जावई खाली पडलेली काठी उचलायला वाकला, आणि प्रबोधनं समोर पाहिलं. मेधाचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. दोन्ही एकदम. ते लपवायला जावई जागेवर नव्हता, आणि तिला लपवायचंही नव्हतं.

"मिस्टर रामटेके," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "प्रश्न इकडून विचारले जातायत."

साडेअकराला त्याला मोकळं केलं. निकाल पुढे डिसेंबरात लागला, अंकलच्या बाजूनं. पण त्या दिवशी बाहेरच्या बाकापाशी उभ्या असलेल्या या दोघांना निकालाबिकालाची शुद्ध नव्हती.

"तुम्ही कॉफीला नाही म्हणाला होतात," प्रबोध म्हणाला.

"तुमची साक्ष संपली नव्हती."

ते हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "एवढंच? ...मला वाटलं..."

"मला माहितीय काय वाटलं. दहा दिवस मला जेवण गेलं नाही त्या वाटण्यानं."

"तुम्हालाही त्यांनी हेच विचारलं होतं? त्या दिवशी?"

"हेच."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच," मेधा म्हणाली.

तो बाकावर बसला. मग उठला. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. तिनं त्यातला एक आपल्या हातात घेतला. त्याचा तळवा गार होता.

"आज क्लिनिक?" मग त्याला एकदम आठवलं. "पुन्हा पगार कापून आलात?"

"नाही. भरपगारी रजा. पहिलीच."

"आणि ती इथं येऊन घालवली?"

"अजून कुठे घालवलीय," ती म्हणाली. "आत्ताशी साडेअकरा वाजलेत. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते तू सांग."